पहिली दहा मिनिटं

६ जानेवारी, सोमवार

आज मैदानावर दिग्विजय सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बघा, शंभर पावलांत महाराणी दमल्या." सगळे हसले. माझी मैत्रीण भाग्यलक्ष्मी हसली नाही, पण तिनं मान खाली घातली. ते हसण्यापेक्षा वाईट.

म्हणून ही वही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पण प्रॅक्टिकलच्या वह्या सोडून आजवर काही लिहिलेलं नाही. एकदा कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे की मी, स्वरूपा, राहणार वडगाव, वय वीस, आळशी नाही.

सतरा तारखेला आठशे मीटरची परीक्षा आहे. पळाल्याशिवाय शारीरिक शिक्षणाचे गुण नाहीत, आणि ते नाहीत तर पदवी अडकणार. लहानपणापासून माझं हे असंच. जिना चढला की मांड्या पेटतात, कळशी उचलली की दंड दगड होतात. थांबलं की जातं. आई म्हणते, मनावर घेत नाहीस. आप्पा म्हणतात, एक दिवस साडीच्या मागावर उभी राहा म्हणजे कळेल. त्यांचं बरोबरही असेल. दुखलं की मी थांबते, तिथंच चुकते. या वेळी थांबायचं नाही. दिग्विजय सरांच्या तोंडासमोरनं शेवटच्या रेषेपर्यंत पळणार.

९ जानेवारी

तीन दिवस झाले, सकाळी साडेसहाला उठून गल्लीच्या टोकापर्यंत पळतेय. टोक काही येत नाही. तिसऱ्या विजेच्या खांबाला पोटऱ्या आवळतात.

आज बायाक्का दारात बसून बघत होती. बायाक्का म्हणजे आप्पांची पाठची बहीण. आमच्याकडंच असते, बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरते. म्हणाली, "पोरी, उठल्या उठल्या पळू नगं. थोडं चाल, मग बस. मग परत चाल. अंगाला इच्यारत जा."

मी म्हटलं, "तुझं ऐकलं तर तुझ्यासारखी व्हायची मी."

तिनं कांड्यांची टोपली पुढं ओढली आणि कामाला लागली.

लिहिताना लाज वाटतेय. पण खोटं काय बोलले? गल्लीत तिला 'प्याशिंजर' म्हणतात. शेजारच्या शहापूरला निघाली की आधी पिठाच्या गिरणीपाशी बसते, मग देवळाच्या पायरीवर बसते. निपाणीकडं दिली होती, तंबाखूवाल्या घरात. वर्षाच्या आत परत आली. दोन घागरी पाणी आणता येत नाही, तंबाखूचा भारा उचलत नाही, कामचुकार आहे म्हणून. त्याला तेहतीस वर्षं झाली. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. हिनं इथं कांड्या भरल्या.

मला कांड्या भरत म्हातारं व्हायचं नाही. पळणार.

१७ जानेवारी

पळाले.

शंभर पावलांवर दुखायला लागलं, थांबले नाही. दोनशेला छाती फुटायला आली, थांबले नाही. मग पाय माझे उरलेच नाहीत. एक फेरी पुरी झाली आणि दोन्ही पोटऱ्या, मांड्या एकदम लाकडासारख्या झाल्या. गुडघे दुमडलेले तसेच राहिले. पडले तीही दुमडलेलीच. भाग्यलक्ष्मी आणि वर्गातला किशन पाय सरळ करायला लागले तर मी ओरडले. किशन पोटरीला हात लावून म्हणाला, "ह्ये मांस न्हाय गं, ह्ये दगाड हाय."

दिग्विजय सर लांबूनच म्हणाले, "नाटक पुरे. उठ."

दोघांनी उचलून रिक्षात घातलं. पाय तासाभरानं सुटले. अजून हात लावू देत नाहीत.

१८ जानेवारी

सकाळी लघवी बिनदुधाच्या चहासारखी झाली. काळी. कुणाला सांगितलं नाही. जाईल.

२१ जानेवारी

गेली नाही. आईला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. रक्त बघून ते म्हणाले, लिव्हरचे आकडे वाढलेत, कावीळ आहे. मी म्हटलं, "डोळे पिवळे न्हाईत माझे." ते म्हणाले, होतील.

आप्पांनी लगेच खानापूरकडच्या एका गावात नेऊन झाडपाल्याचं औषध पाजलं. कडू जहर. वर पथ्य, तेलकट बंद. पाय दुखतात म्हटलं तर औषधवाला म्हणाला, कावीळ पायात उतरते. हे आमच्या कुठल्याही पुस्तकात नाही.

बायाक्का पाणी पाजत होती. तांब्यावर तांब्या. पोटात जागा नाही म्हटलं तरी ऐकत नव्हती. "पी. मला बी अशी काळी व्हायची. निपाणीत आसताना, भारे वाह्यलं की. पाणी प्यालं की उतरती."

प्रत्येकाला आपलंच दुखणं आठवतं. पण पाणी प्यायले.

२७ जानेवारी

कॉलेज. लघवी साफ आहे, डोळे पांढरेच. कावीळ आली तशी गेली म्हणे.

आज दिपाली मॅडमनी स्नायू आणि एटीपी शिकवलं. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, असं कुणीतरी पुस्तकातलं वाक्य फेकलं, तर मॅडम म्हणाल्या, "चलन डब्यात घालून ठेवता येतं. हे ठेवता येत नाही. अंगात एका वेळी जेमतेम मूठ-दोन मूठ असतं आणि स्नायूंतलं तर पळायला लागल्यावर काही सेकंदांचं. संपलं की पेशीनं लगेच नवं करायचं. दिवसभरात एकूण केलेलं मोजलं तर तुमच्या वजनाएवढं भरेल."

मग फळ्यावर लिहिलं, नवं कशातनं करायचं? पहिली काही मिनिटं स्नायू आपल्याच घरातली साखर फोडतो, ग्लायकोजेनची. रक्तातली साखर आणि चरबी नंतर हळूहळू पोचते.

आणि मग एक गोष्ट सांगितली, तिनं मी हललेच. मला वाटायचं स्नायू आवळायला ताकद लागते आणि सोडणं आपोआप होतं. उलटं आहे. आवळलेला धागा सोडायला एटीपीच लागतं. ते नसलं तर पकड सुटतच नाही. मेलेलं माणूस ताठ होतं ते त्यामुळं.

तास संपल्यावर मॅडमच्या मागं गेले. मॅडमसमोर मी 'गेले, आले' बोलते, पण आज घाईत घरचं 'गेलो, आलो'च तोंडात आलं.

"मॅडम, मी त्या दिवशी पळालतो ना, तवा माझे पाय तसेच झालते. मेलेल्यासारखे. जित्या माणसाचं होतं काय तसं?"

त्यांनी हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली. "बस. पहिल्यापासून सांग."

सांगितलं. लघवीचंही. त्या एकदम म्हणाल्या, "काळी? आणि लिव्हर म्हणाले? ज्या आकड्यांवरनं लिव्हर म्हणाले ते स्नायू फुटल्यावरही वाढतात. क्रिएटिन कायनेज, स्नायूतनं रक्तात सांडतं ते, बघितलं का कुणी?"

कुणी बघितलं नव्हतं.

"मी डॉक्टर नाही, स्वरूपा. पण मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडं जा, आणि हा शब्द लिहून ने. एक सांग, तू दुखल्यावर न थांबता, अगदी हळू चालत राहिलीस तर पुढं सोपं जातं का?"

मी म्हटलं, माहीत नाही. मी एक तर थांबते, नाहीतर या वेळी पळाले.

तसं चालणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, पण मॅडमना तिचं काय सांगायचं.

२८ जानेवारी

मूर्ख आहे मी.

काल वही मिटली आणि जेवायला बसले. समोर बायाक्का भाकरी मोडत होती. घास माझ्या हातातच राहिला.

आज दुपारी म्हटलं, "बायाक्का, शहापूरला चल माझ्यासंगं. तुझ्या चालीनं."

"आज कुणीकडं उगावलाय सूर्य?" म्हणाली. पण उठली. निघताना गुळाचा खडा तोंडात टाकला, मलाही दिला. मी मोबाइलवर वेळ लावली. दोन मिनिटांत माझ्या मांड्या पेटल्या. तेवढ्यात ती गिरणीच्या ओट्यावर बसलीच. मीही बसले. मिनिटभरानं उठली, आणखी हळू चालायला लागली, रांगणारं मूल पुढं जाईल इतकी हळू. सहाव्या मिनिटाला देवळाची पायरी. परत बसलो. परत उठलो.

नवव्या मिनिटाला काय झालं ते कसं लिहू? छातीतली धडधड उतरली. पाय हलके झाले. माझे पाय हलके झाले! बायाक्कानं पदर खोचला आणि चालायला लागली, अशी की मला तिला गाठावं लागलं. शहापूरच्या गल्ल्यांतनं दोघी अर्धा तास चाललो. वीस वर्षांत मी अर्धा तास सलग चालले नव्हते. मी हसत होते, डोळ्यांतनं पाणीही येत होतं. साडीच्या दुकानातला माणूस बघत राहिला.

"आलं न्हवं?" बायाक्का म्हणाली. "पयली धा मिन्टं आपली न्हवंत. ती गेली की मग समदी आपलीच."

"तुला कुणी सांगितलं ह्ये?"

"कोण सांगतंय? मीच शोधलं. निपाणीस्नं आल्यावर. रिकामी हुतो न्हवं."

"मग बोलली का न्हाईस कुणाला?"

"इच्यारलं कुणी?"

५ फेब्रुवारी

घरात भांडण झालं. मी केलं.

मोठ्या दवाखान्यातल्या नसांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. मी म्हटलं, बायाक्कालाही दाखवायचं. आप्पा माग बंद करून आले. "तिचं आता काय काढायचंय? चोपन्न वर्सांची झाली. गपगुमान चाललंय तिचं."

"गपगुमान न्हाय आप्पा. तुम्ही तिला गप केलंयसा."

आई मधे पडली, "बापाशी बोलतीस काय अशी?"

"ती येणार न्हाय तर मी बी येत न्हाय. मग काळी लघवी झाली की तुम्ही त्या औषधवाल्याला बोलवा."

आप्पांनी आईकडं बघितलं. आई त्यांच्या मामाची मुलगी, आज्जीही आज्ज्याच्या मामाची मुलगी. आमच्यात नवं माणूस घरात येतच नाही. मग ते आपल्या बहिणीकडं बघायला लागले. तीही दारात येऊन उभी होती.

"येतीस काय गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "कवाची वाट बघतोय."

८ फेब्रुवारी

डॉक्टर कमी बोलतात, पण ऐकतात. क्रिएटिन कायनेज माझं चार हजारांवर, बायाक्काचं तीन हजार. दोनशेच्या आत पाहिजे. मग मूठ आवळायची परीक्षा झाली. मिनिटभर जोरात आवळायचं आणि मध्ये मध्ये दंडातनं रक्त काढायचं. निरोगी माणसात लॅक्टेट चढतं, कारण स्नायू साखर फोडून एटीपी करत असतो. माझं चढलं नाही. बायाक्कानं विचारलं, "आदी हळूहळू आवळू काय?" डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "नको आक्का, आज हळू नको. दुखलं की लगेच सोडा." तिची बोटं उघडेनात. मी तिचा हात धरून बसले. तिचंही चढलं नाही.

लघवीचं ऐकून डॉक्टर गंभीर झाले. स्नायूतला लाल रंग रक्तात सांडतो, तोच लघवीत उतरतो, म्हणाले. "पाणी पाजलं कुणी?" मी बायाक्काकडं बोट केलं. "त्यांनी किडन्या वाचवल्यात तुझ्या."

पक्कं करायला दोघींचं रक्त बंगळूरला गेलं.

१२ मार्च

आलं. दोघींचं एकच.

मॅकआर्डल नावाचा आजार. स्नायूत ग्लायकोजेन भरलेलं आहे, पण ते फोडणारं एन्झाइम जन्मापासून नाही. गोदाम भरलेलं आणि किल्लीच नाही. म्हणून सुरुवातीला एटीपी पुरत नाही. दहाएक मिनिटांत बाहेरची साखर आणि चरबी पोचली की पाय चालतात. आईकडनं एक आणि बापाकडनं एक, अशा एकाच जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रती जमल्या की हा होतो.

औषध नाही. जड उचलायचं नाही, एकदम पळायचं नाही, हळू सुरुवात करायची, थोडं थांबायचं, आणि रोज चालायचं. नड असेल तेव्हा आधी थोडी साखर. म्हणजे बायाक्का तेहतीस वर्षं करतेय ते सगळं. डॉक्टरांनीच तसं म्हटलं.

आप्पा पायरीवर बसले. आज्जा आजारी होता म्हणून बायाक्काला निपाणीहून आणायला तेच गेले होते, मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"मी हात जोडलतो त्यांच्याम्होरं," ते म्हणाले. "आमची पोरगी आळशी हाय, आमचं चुकलं, माफ करा म्हणालतो. ही बाजूलाच हुती."

आई रडायला लागली. बायाक्का रडली नाही. माझ्यासमोर हात धरून म्हणाली, "माझ्या नावाचा कागद कुठला? त्यो दे." तिला वाचता येत नाही. तिनं तो दोनदा उलटसुलट करून बघितला, ब्लाउजच्या खणात गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवला.

१५ मार्च

दिग्विजय सरांना डॉक्टरांचं पत्र दिलं. वाचून म्हणाले, "ठीक आहे. तुला सूट. गुण देऊन टाकतो."

"सूट नको सर."

"मग?"

"मी चालते. पहिली दहा मिनिटं माझ्या पद्धतीनं, ती तुम्ही मोजायची नाहीत. पुढं तीन किलोमीटर घड्याळ लावून मोजा."

मैदानावर अख्खा वर्ग. मी चालले, बसले, चालले. कुणीतरी शिट्टी मारली. मारू दे. मग पाय आले आणि मी फेऱ्या मारायला लागले. सातव्या फेरीला दोघी-तिघी माझ्याबरोबर चालायला लागल्या आणि मागं पडल्या. पत्रात लिहिलेल्या वेगापुढं एकदाही गेले नाही, तेवढी अक्कल आता आहे.

सर घड्याळ थांबवून म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं सर. दुखतंय म्हटलं होतं. तुम्ही महाराणी म्हणालात."

ते वहीत काहीतरी लिहीत राहिले. गुण काय दिले ते अजून बघितलेलं नाही.

२३ मार्च, रविवार

सकाळी बायाक्का इरकल नेसून तयार. हातात पिशवी. "स्वरूपा, चल. निपाणीला जायाचं."

आप्पा म्हणाले, मी येतो. ती म्हणाली, "न्हाय. तू एकदा जाऊन आलायस."

निपाणीच्या स्टँडवरनं दुसरी गाडी धरून गावात उतरलो. घर चढावर आहे. मी म्हटलं, रिक्षा बघू. "नगं. ह्या चढावर घागरी घेऊन बसल्याली समद्या गावानं बघितलीया मला. आज बी बसत बसतच जाणार." आणि पाराजवळच बसली, भर रस्त्यावर, ऐटीत. एक म्हातारी थांबून निरखायला लागली. "बायाक्का न्हवं तू?" "व्हय. मीच." म्हातारी पुढं गेलीच नाही, आमच्या मागनं यायला लागली. वर पोचेपर्यंत आणखी दोघी झाल्या.

ज्योतिबा, म्हणजे तिचा नवरा, अंगणात खाटेवर होता. साठीचा, बनियनवर. ओळखल्यावर धडपडत उठला. आतनं त्याची बायको रुक्माबाई आली, हात पुसत. घाबरलेली वाटली. तिला वाटलं असेल ही वाटणी मागायला आली.

"काय मागायला आलो न्हाय," बायाक्का तिलाच म्हणाली. "बाई, तुझ्याशी माझं काय न्हाय." मग तिथल्या कट्ट्यावर बसली. ज्योतिबाही खाटेवर टेकायला लागला.

"तुमी उबं ऱ्हावा," ती म्हणाली. "मी बसून ऐकणार. तुमी उबं ऱ्हाऊन ऐका. स्वरूपा, वाच."

इंग्रजी कागद मी रात्री मराठीत उतरवला होता, तिनंच सांगितलं म्हणून. वाचला. तिचं पूर्ण नाव, वय, तपासणी. "स्नायूंना काम सुरू करताना लागणारी ताकद तयार होत नाही. जन्मापासून. जड वजन उचलल्यास स्नायू फुटतात, जिवाला धोका." मागच्या तिघी म्हाताऱ्या पुढं सरकल्या. मी दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

ज्योतिबानं तोंडावरनं हात फिरवला. "आमास्नी काय ठावं गं? आई म्हणायची सोंग करतीया. ह्यो आजार तवा डाक्टरास्नी बी कळला नसता. आता बोलून काय उपेग?"

"खरं हाय," बायाक्का म्हणाली. "आजाराचं नाव तुमास्नी ठावं नव्हतं. मला बी नव्हतं." ती उठून उभी राहिली. "पर दुखतंय म्हणून रोज सांगत हुतो मी. त्ये तर ठावं हुतं."

रुक्माबाईनं नवऱ्याकडं बघितलं, ते असं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत असावी. मग आमच्याकडं वळून हळूच म्हणाली, "च्या ठेवतो. बसा की."

"परत कवातरी," बायाक्का म्हणाली आणि अंगणातनं बाहेर पडली. ज्योतिबा उभाच होता. मी कागदाची घडी घालेपर्यंत ती चढ उतरायला लागली होती, तिघी म्हाताऱ्या तिच्या दोन्ही बाजूंनी काय काय विचारत, आणि ती हात हलवून हलवून सांगत.